प्रवेशाची कथने : बाळू पालवणकर यांचे चरित्र आणि त्याचे निवेदक

कुंभकोणमच्या नैऋत्येस काही किलोमीटर अंतरावर पट्टीश्वरम् हे गाव आहे. तेथील धेनुपुरीश्वराच्या देवळात गेल्यावर लक्ष वेधून घेते ती नंदीची जागा. शिवालयात नंदी सामान्यतः गाभाऱ्याच्या रेषेत, लिंगाकडे तोंड करून बसलेला असतो. पट्टीश्वरम् येथे तो या रेषेतून सरकलेला दिसतो. स्थलपुराण सांगते की, सातव्या शतकातील बालसंत तिरुज्ञानसंबंधर रणरणत्या उन्हातून या देवळाकडे येत होते. शिवाने त्यांच्यासाठी मोत्यांचा मांडव धाडला आणि त्यांचे येणे आपल्याला नीट दिसावे म्हणून नंदीला बाजूला होण्याची आज्ञा केली. हेच आशयसूत्र वैदीश्वरन् कोविलजवळच्या तिरुप्पुंकूर येथे वेगळ्या भक्ताच्या संदर्भात आढळते. तेथे बाहेर उभा असलेला भक्त परैयर जातीचा नंदनार आहे. त्याच्यासाठीही नंदी सरकतो आणि दर्शन घडते. परंतु नंदनार असतो तेथेच, दाराबाहेर, उभा राहतो. संबंधर ब्राह्मण होते. त्यांच्यासाठी मांडवही होता आणि प्रवेशही. नंदनारच्या वाट्याला फक्त दृष्टीची मोकळी रेषा आली.

नंदनारची कथा बाराव्या शतकात सेक्किळार यांच्या ‘पेरियपुराणा’त आली आणि १८६०च्या दशकाच्या आरंभी गोपालकृष्ण भारती यांच्या ‘नंदनार चरित्रा’तून तमिळ प्रदेशात घरोघरी पोहोचली. ज्या कथाकालक्षेपाच्या परंपरेतून ती गायिली गेली, त्या परंपरेच्या जडणघडणीत तंजावरच्या मराठी दरबाराच्या आश्रयाने रुजलेल्या मराठी कीर्तनाचा वाटा मोठा आहे. देवळाबाहेर थांबवलेल्या तमिळ भक्ताची कथा सांगण्याचा घाट अशा प्रकारे अंशतः मराठीने पुरवला, ही गोष्ट मराठी वाङ्मयेतिहासात फारशी बोलली जात नाही. पंढरपूरच्या महाद्वाराशी समाधी असलेला चोखामेळा मराठी वाचकाला ठाऊक असतो. नंदनार ठाऊक नसतो.

या संतचरित्रांतील एक रचनाविशेष प्रस्तुत विवेचनासाठी महत्त्वाचा आहे. प्रवेशाच्या वाक्याचा कर्ता भक्त नसतो. नंदी शिवाच्या आज्ञेने सरकतो. चिदंबरम् येथे नंदनार अग्नीतून जाऊन यज्ञोपवीतधारी मुनीच्या रूपात बाहेर येतो, तोही शिवाच्या इच्छेने. भक्ताने केलेले श्रम, त्याचे शेत नांगरणे, देवळातील वाद्यांसाठी कातडे आणि वाद्या पुरवणे हे सारे कथेत असते. पण कथा पुढे सरकते ती कृपेमुळे. वगळलेल्या माणसाला आत घेतल्याची गोष्ट सांगताना आत घेणाऱ्यालाच नायक करण्याची ही पद्धत वसाहतकाळात नाहीशी झाली नाही. तिने वेष बदलला आणि ती वृत्तपत्रांत, सत्कारसभांत आणि पुढे चित्रपटात येऊन बसली. हिंदुस्थानी क्रिकेटचा पहिला थोर गोलंदाज बाळू पालवणकर यांच्या चरित्राची कथने या दृष्टीने वाचण्याजोगी आहेत.

बाळूंचा जन्म १८७५-७६च्या सुमारास धारवाड येथे झाला. कुटुंब चर्मकार, मूळचे कोकणातील पालवण गावचे. आडनाव त्यावरून आले. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे मुलांचे बालपण पुण्याच्या छावणीच्या परिसरात गेले. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू हीच बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम यांची पहिली साधने. शाळेचे शिक्षण लवकर सुटले. पहिली नोकरी पुण्यातील पारशांच्या एका क्रिकेट क्लबात मिळाली. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, अधूनमधून सभासदांना गोलंदाजी करायची. पगार महिना तीन रुपये. १८९२च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर लागले. कामे तीच होती. जाळ्या उभ्या करणे, खेळपट्टीवर चुन्याच्या रेघा मारणे आणि सरावासाठी साहेबांना चेंडू टाकणे ही त्यांत भर.

बाळूंच्या कलेचा उगम या नोकरीत आहे. पूना क्लबातील नामांकित फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग इतर सभासद येण्यापूर्वी मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. प्रत्येक वेळी बाद केल्यास ग्रेग आठ आणे बक्षीस देत, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेची सत्यता पारखण्याचे आज साधन नाही. तिच्यातील व्यवहार मात्र स्पष्ट आहे. डावखुरा संथ गोलंदाज वर्षानुवर्षे, रोज तासन्‌तास, त्या काळच्या उत्तम फलंदाजांसमोर चेंडू टाकतो. उंची, टप्पा, वेग आणि फिरकी यांत तो बदल करीत जातो आणि समोरच्याच्या पायांची हालचाल वाचायला शिकतो. दोन्ही दिशांना चेंडू वळवण्याची आणि वेगात फसवे बदल करण्याची त्यांची ख्याती होती. अशी गोलंदाजी उपजत येत नाही. ती रूळ फिरवणाऱ्या हातांनी, पगारी श्रमाचा भाग म्हणून कमावली.

याच व्यवस्थेची दुसरी बाजू अशी की, पूना क्लबात बाळूंना सरावाच्या जाळीत बॅट कधी मिळाली नाही. चेंडू टाकणे हे नोकराचे काम आणि फलंदाजी हा मालकाचा आनंद, अशी ही विभागणी होती. ती कारकिर्दीच्या आकड्यांत उतरलेली दिसते. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत बाळूंनी १५.२१च्या सरासरीने १७९ बळी घेतले. त्याच सामन्यांत त्यांच्या धावा ७५३, सरासरी १३.६९. क्रीडासमीक्षक या आकड्यांतून उत्तम गोलंदाज आणि तळाचा फलंदाज एवढेच वाचतील. कुणाला कोणते काम शिकू दिले गेले, हेही त्यांत नोंदलेले आहे. सांख्यिकी हीसुद्धा एक संहिता असते.

साहेबांविरुद्ध खेळणाऱ्या पूना हिंदू क्लबाला असा गोलंदाज हवा होता, पण तो चर्मकार होता. क्लबातील तेलुगू सभासदांनी बाळूंचा आग्रह धरला. मराठी ब्राह्मण सभासदांपैकी काहींनी विरोध केला. बाळूंसारख्या खेळाडूची सेवा नाकारणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असे मत ग्रेग यांनी वृत्तपत्रातून व्यक्त केले आणि पारडे फिरले. ज्या समाजाने बाळूंना फलंदाजी करू दिली नाही, त्याच समाजातील अधिकाऱ्याने त्यांच्या प्रवेशाची शिफारस केली, ही विसंगती नोंदवण्याजोगी आहे. पुण्यातील मराठी भाषकांना तेलुगू शेजाऱ्यांनी या बाबतीत मागे टाकले, हेही.

प्रवेश मिळाला तो मैदानावर. चहाच्या वेळी संघातील इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपांतून चहा घेत. बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या बोळक्यात चहा मिळे. जेवण वेगळे. तोंड धुवायचे असल्यास पाणी ओतायला दलित नोकर. मैदानावर मात्र एकच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरत असे आणि तो विटाळत नसे. स्पर्शाची बंदी खेळाच्या वेळेपुरती स्थगित होई आणि पंचांनी यष्ट्यांवरील विट्या उचलल्या की पुन्हा लागू होई. तिरुप्पुंकूरच्या नंदीप्रमाणे येथेही दृष्टीची रेषा मोकळी झाली, उंबरठा होता तेथेच राहिला. फरक एवढाच की, पुण्यात तो देवाच्या आज्ञेने सरकला नाही. बळींच्या हिशेबाने सरकला.

पूना हिंदूंनी पुण्याच्या युरोपियनांना हरवले. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्धच्या सामन्याआधी बाळूंच्या फिरकीला दाद मिळू नये म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर कित्येक दिवस रूळ फिरवला होता, तरी बाळूंनी सात बळी घेतले, असे सांगितले जाते. खेळपट्टीवर रूळ फिरवूनच ज्याने खेळ शिकला, त्याला रुळानेच रोखण्याचा हा प्रयत्न. विजयानंतरच्या पुण्यातील सत्कारांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी हिंदू खेळाडूंना सुनावले की, बाळूंबरोबर खेळता तर त्यांच्याबरोबर खाणेपिणेही करा. लोकमान्य टिळकांनीही सभेत बाळूंचा गौरव केल्याची नोंद आहे. एकमेकांशी क्वचितच सहमत होणारे पुण्याचे हे दोन पुढारी एका गोलंदाजाच्या बाबतीत एकत्र आले, याचे अप्रूप पुढच्या चरित्रकारांना वाटले आहे. मात्र सत्काराची ही कथने जसजशी पुनःपुन्हा सांगितली गेली, तसतसे सत्कार करणारे ठसठशीत होत गेले आणि सात बळी पार्श्वभूमीला गेले.

१८९६मध्ये मुंबई आणि पुणे परिसरात प्लेग पसरला. त्यानंतर बाळू मुंबईला आले. १८९४ साली स्थापन झालेल्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घेण्यावरून काही गुजराती सभासदांनी विरोध केला. कीर्तिकरांच्या प्रयत्नाने तो निवळला. उपजीविकेसाठी बाँबे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी आणि त्या कंपनीच्या संघातून खेळणे. मुंबईत क्रिकेट ही संस्था पुण्यापेक्षा बरीच प्रौढ झालेली होती आणि तिच्याभोवती लिखाणही जमू लागले होते. शापुरजी सोराबजी यांचे पारशी क्रिकेटवरील वृत्तान्तपर पुस्तक १८९७ साली आले, जे. एम. फ्रामजी पटेल यांचे हिंदी क्रिकेटविषयीचे स्फुट विचार १९०५ साली. त्याच १८९७मध्ये रणजितसिंहांच्या नावावर इंग्लंडात ‘ज्युबिली बुक ऑफ क्रिकेट’ निघाले. राजपुत्राला आणि पारशी व्यापारी-वकिलांना स्वतःचा खेळ स्वतः लिहिण्याची सोय होती. बाळूंच्या हातचे असे काही उपलब्ध नाही. त्यांच्याविषयी जे आहे ते इतरांचे.

फेब्रुवारी १९०६मध्ये हिंदू आणि युरोपियन यांच्यात बाँबे जिमखान्यावर सामना झाला. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस होते. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, युरोपियनांनी १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. युरोपियनांना दोन्ही डावांत रोखण्यात बाळूंचा वाटा मोठा होता. दुसऱ्या टोकाने इराशा हा वेगवान गोलंदाज होता. या विजयावरचे ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’मधील भाष्य नंतरच्या सर्व लेखनात उद्धृत होत आले आहे. हे साप्ताहिक १८९० साली मद्रासेत सुरू झाले आणि १८९८मध्ये मुंबईला आले. कामाक्षी नटराजन त्याचे संपादक. भाष्याचा आशय असा की, पुण्यात वेगळा चहा आणि मुंबईत जिमखान्याच्या उपाहारगृहात सहभोजन, हा प्रवास सर्व संबंधितांना भूषणावह आहे. पालवणकर बंधूंच्या प्रवेशाने तरुण हिंदूंची मने इतर कोणत्याही क्षेत्रातील प्रयत्नांपेक्षा अधिक उदार झाली. खेळातला धडा आता राजकीय, सामाजिक आणि शैक्षणिक जीवनात गिरवावा.

या भाष्याची सुधारकी तळमळ खरी आहे आणि १९०६ साली ते लिहिणे सोपे नव्हते. तरी त्यातील वाक्यांचे कर्ते तपासले तर दिसते की, उदार होतात ती यजमानांची मने. बाळू हे त्या औदार्याचे निमित्त. जिमखान्याने सहभोजन सुरू केले ते न्यायबुद्धीने, की जिंकून देणारा गोलंदाज हातचा जाऊ नये म्हणून, हा प्रश्न भाष्य विचारीत नाही. पुराणकथेतील शिवाच्या जागी येथे सुधारलेला हिंदू समाज येतो आणि कथेचा घाट तोच राहतो.

१९११च्या इंग्लंड दौऱ्यात या घाटाला पहिला धक्का बसला. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह यांच्या नेतृत्वाखाली हिंदू, मुसलमान आणि पारशी खेळाडूंचा पहिला सर्वहिंदी संघ पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या वर्षी इंग्लंडला गेला. बाळू आणि शिवराम दोघेही त्यात होते. महाराजांनी थोडेच सामने खेळून बाकीचा काळ लंडनच्या मेजवान्यांत घालवला. संघाची कामगिरी यथातथाच झाली: २३ सामने, ६ विजय, १५ पराभव. बाळू मात्र पस्तिशीचे असूनही सर्व सामन्यांत मिळून १८.८४च्या सरासरीने ११४ बळी घेऊन परतले. त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीचे. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी. लेस्टरशायरला हरवले त्या सामन्यात त्यांनी ११ बळी घेतले. सॉमरसेटविरुद्ध एका गड्याने मिळालेल्या विजयात शिवरामचे नाबाद शतक आणि बाळूंचे अर्धशतक निर्णायक ठरले. जाळीत बॅट न मिळालेल्या माणसाने इंग्लंडातील मैदानावर सामना वाचवावा, यावर अधिक काही म्हणण्याची गरज नाही. प्रशांत किदंबी यांनी या दौऱ्यावर २०१९ साली ‘क्रिकेट कंट्री’ हा ग्रंथ लिहिला, त्यात संस्थानिक, उद्योगपती आणि साम्राज्य यांच्या पटावर बाळूंना त्यांची जागा मिळाली आहे.

परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाच्या सभेत बाळूंचा सत्कार झाला. या प्रसंगीचे मानपत्र विशीतल्या भीमराव आंबेडकरांनी लिहिले आणि अर्पण केले, असा उल्लेख येतो. तोपर्यंतच्या सत्कारांपेक्षा हा प्रकारानेच वेगळा. येथे सत्कार करणाऱ्यांना कोणाला आत घेतल्याचे श्रेय घ्यायचे नव्हते.

हिंदू संघाचे कर्णधारपद हा पुढचा उंबरठा होता. मुसलमानांच्या प्रवेशाने १९१२मध्ये तिरंगी सामने चौरंगी झाले. १९१३ साली बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चारही भाऊ हिंदू संघात होते. गुणवत्तेने आणि ज्येष्ठतेने कर्णधारपद बाळूंकडे जायला हवे होते. ते गेले नाही. १९२० साली बाळूंना संघातूनच वगळण्यात आले आणि एम. डी. पै यांच्या आजारपणामुळे रिकाम्या झालेल्या जागी विठ्ठलऐवजी दि. ब. देवधर यांची निवड झाली. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि वृत्तपत्रांत निवेदन प्रसिद्ध केले. आपल्याला डावलण्याचे कारण खेळ नसून जात आहे, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. लोकमताचा रेटा असा आला की, पुढच्या सामन्यासाठी पै परतले, तिघे भाऊ संघात आले, बाळू उपकर्णधार झाले आणि पै यांनी काही काळ मैदान सोडून संघाची सूत्रे बाळूंच्या हाती दिली.

हे निवेदन पालवणकरांच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाची संहिता आहे. येथे प्रथमच प्रवेशाच्या वाक्याचा कर्ता बदलतो. बाहेर काढलेला माणूस कृपेची वाट पाहत नाही. तो स्वतः बाहेर पडतो आणि का पडलो ते छापून सांगतो. असहकाराच्या चळवळीचे वर्ष असल्यामुळे बहिष्काराची भाषा हवेत होतीच. ती हिंदू जिमखान्याविरुद्ध वापरली जाईल, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नव्हते. नंतरच्या लेखनात पै यांच्या मैदान सोडण्याच्या दिलदारीची गोष्ट अधिक लोकप्रिय झाली. दिलदारी खरीच, पण ती निवेदनानंतरची आहे, हा क्रम विसरला जातो.

१९३२ हे वर्ष या चरित्रात दुहेरी अर्थाने येते. जूनमध्ये हिंदुस्थानने लॉर्ड्‌सवर पहिला कसोटी सामना खेळला. पन्नाशी ओलांडलेले बाळू साहजिकच त्यात नव्हते. २४ सप्टेंबरला येरवड्यातील गांधींच्या उपोषणाच्या पार्श्वभूमीवर पुणे करार झाला. त्यावर सह्या करणाऱ्यांत बाळूंचे नाव आहे, मद्रासच्या एम. सी. राजा यांच्याबरोबर. राजा आणि बाळू दोघेही संयुक्त मतदारसंघांच्या बाजूचे होते. करारानुसार प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. त्यांत मद्रासच्या ३०, मुंबई व सिंधच्या १५. तमिळ आणि मराठी प्रदेशांतील दलित राजकारणाचा हा दुवा दोन्ही भाषांतील अभ्यासकांकडून उपेक्षित राहिला आहे.

१९३५ साली येवल्यात आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. बाळूंनी धर्मांतराला विरोध केला. १९३७च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत आंबेडकरांच्या विरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. येथे चरित्रकारांची अडचण होते. राष्ट्रवादी परंपरा बाळूंना समावेशक हिंदू समाजाचा पुरावा म्हणून मिरवते. आंबेडकरी परंपरेत ते बव्हंशी पराभूत प्रतिस्पर्धी म्हणून उरतात. दोन्ही वाचनांत १९२० सालचे निवेदन गैरसोयीचे ठरते. संघाचे सहभोजन आणि संघातील अपमान या दोन्हींचा अनुभव असलेल्या माणसाने संयुक्त मतदारसंघ निवडला. ही निवड चुकीची होती, असे म्हणता येईल. ती अजाण होती, असे म्हणता येणार नाही. जिमखान्यात आत राहून भांडता येते आणि भांडून काही मिळते, हे त्यांनी पाहिले होते. जिमखान्याबाहेरच्या कोट्यवधींना अशी गोलंदाजी अवगत नव्हती, हा मुद्दा मात्र आंबेडकरांच्या बाजूने उभा राहतो, आणि तो खोडून काढणे अवघड आहे.

बाळूंचे निधन ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत झाले. पुढील चार दशके त्यांचे नाव क्रीडापत्रकारांच्या जुन्या आठवणींपुरते उरले. २००२ साली रामचंद्र गुहा यांचा ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड’ हा इंग्रजी ग्रंथ आला आणि पालवणकर बंधू हिंदुस्थानी क्रिकेटच्या सामाजिक इतिहासाच्या केंद्रस्थानी आले. मराठी समाजातील एक महत्त्वाचे चरित्र मराठीत परतले ते बरेचसे या इंग्रजी ग्रंथाच्या वाटेने. ही भाषांतराची उलटी दिशा तौलनिक अभ्यासकांनी लक्षात घ्यावी अशी आहे.

आदल्याच वर्षी, २००१ साली, ‘लगान’ प्रदर्शित झाला होता. त्यातील कचरा या अस्पृश्य गोलंदाजाची बाळूंशी तुलना वारंवार होते. नायक भुवन गावकऱ्यांना समजावतो आणि कचरा संघात येतो. मात्र कचऱ्याचा चेंडू वळतो तो त्याच्या अधू हातामुळे. त्याला स्वतःलाही आपली कला ठाऊक नाही. ती नायकाला दिसते. पूना क्लबातील वर्षानुवर्षांचे श्रम येथे देहाच्या योगायोगात रूपांतरित होतात आणि कौशल्य पुन्हा वरदान बनते. कचऱ्याचे नाते बाळूंपेक्षा नंदनारशी अधिक जवळचे आहे. साडेआठशे वर्षांच्या अंतराने तोच घाट लोकप्रिय हिंदी चित्रपटात परतला, याचे श्रेय पटकथाकाराच्या तमिळ वाचनाला देण्याचे कारण नाही. समाजाला आपल्या औदार्याची गोष्ट ऐकायला आवडते, एवढे पुरेसे आहे.

या साऱ्याहून वेगळी ठरते ती १९४८ साली मुंबईत प्रसिद्ध झालेली विठ्ठल पालवणकर यांची मराठी आत्मकथा, ‘माझे क्रीडा-जीवन’. बाळूंच्या घराण्याविषयीची पुष्कळ माहिती पुढच्या अभ्यासकांपर्यंत तिच्यामुळे आली. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८चे, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८०चे. दलित आत्मकथनांची चर्चा सामान्यतः तेथून सुरू होते. विठ्ठलांचे पुस्तक त्यांच्या तीस वर्षे आधीचे असून या चर्चेत क्वचितच येते. याचे एक कारण शीर्षकात आहे. ‘जीवन’ या शब्दाला ‘क्रीडा’ हे विशेषण लागल्याबरोबर ते पुस्तक साहित्याच्या कपाटातून खेळाच्या कपाटात गेले. दुसरे कारण अपेक्षांचे आहे. दलित आत्मकथनाकडून वेदना आणि विद्रोह यांची अपेक्षा केली जाते. खेळाडूच्या आत्मकथेकडून सामन्यांच्या हकिकतींची. ज्या माणसाला कर्णधारपदासाठी वृत्तपत्रात भांडावे लागले, त्याच्या लेखी सामन्याची हकिकत हीच जातीची हकिकत असते. या दोन वाङ्मयप्रकारांची सीमारेषा कोणी आणि केव्हा आखली, हा प्रश्न ते पुस्तक समोर ठेवून विचारता येईल.

विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवले आणि प्रेक्षकांनी विठ्ठलांना खांद्यावर उचलून मैदानाबाहेर नेले. बाळू तेव्हा खेळत नव्हते.